साताऱ्यातील मुरमाड उतारावर बारमाही हिरवे, जमिनीलगत पसरणारे आणि खाण्याजोगी फळे देणारे काय लावावे?

यवतेश्वर_पायथा (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमचे घर साताऱ्यात, यवतेश्वरच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. घरामागे सुमारे २० फूट लांब आणि ८ फूट रुंद असा मुरमाड उतार आहे. दर पावसाळ्यात त्याची वरची माती वाहून खालच्या फरशीवर येते आणि दिवाळी उलटली की तेथे हरळी आणि गाजरगवत यांच्याखेरीज काही उरत नाही. उताराच्या वरच्या कोपऱ्यात एक जुना रायवळ आंबा आहे. त्याची सावली साधारण एक तृतीयांश जागेवर पडते आणि बाकी भागावर दिवसभर ऊन असते.

गेल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर मी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, मुलीकडे होते. तिच्या अंगणातील पाइनच्या झाडांखाली वीतभरही उंच नसलेली एक वनस्पती गालिच्यासारखी पसरलेली होती. तिची पाने जाड आणि चकचकीत असून थंडी वाढल्यावर ती तांबूस झाली, पण गळाली नाहीत. पानांच्या आड बोराच्या बीएवढी लालभडक फळे होती आणि पहिला बर्फ पडून गेल्यावरही ती तशीच टिकून होती. मुलीने एक पान चुरगळून नाकाशी धरले, तेव्हा पाय मुरगळल्यावर लावायच्या मलमाचाच वास आला. फळ खाल्ले तर तोच वास, किंचित गोडसर. तिने नाव सांगितले विंटरग्रीन.

तेव्हापासून तो उतार पाहिला की मला तेच झाड दिसते. ते येथे येईल का, त्याचे बी किंवा रोप मुलीकडून आणता येईल का, आणि येत नसल्यास तेच काम करणारे दुसरे काय लावावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. घरात ५ आणि ८ वर्षांची नातवंडे आहेत आणि दिसेल ते लाल फळ तोंडात घालण्याचे त्यांचे वय आहे, त्यामुळे विषारी काही नको. मी निवृत्त शिक्षिका आहे. बागेसाठी वेळ आहे, पण उन्हाळ्यात रोज पाणी घालण्याइतके पाणी नाही.

मिरजेचा_माळी

नमस्कार बाई. आपण वर्णन केलेली वनस्पती म्हणजे गॉल्थेरिया प्रोकम्बेन्स. ती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांतली असून जमिनीखालच्या खोडांनी पसरते, आणि तिची उंची जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर असते. ज्याला आपण फळ म्हणतो, ते खरे तर फुलाच्या निदलपुंजाचे, म्हणजे पाकळ्यांखालच्या दलांचे, मांसल झालेले आवरण असते आणि खरे फळ त्याच्या आत कोरड्या बोंडाच्या रूपात असते.

ती येथे का येणार नाही, हे मी माझ्या फसलेल्या प्रयोगावरून सांगतो, कारण पुस्तकी कारणापेक्षा ते लवकर पटते. विंटरग्रीन, ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत आणि त्या सर्वांना आम्लधर्मी माती लागते. विंटरग्रीनला सामू, म्हणजे मातीचा पीएच (७ च्या खाली आम्लधर्मी), साधारण ४.५ ते ६ इतका हवा. मी मिरजेत दोन मोठ्या कुंड्यांमध्ये ब्लूबेरी लावली होती. माती जमिनीतली घेतलीच नाही. कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत आणि थोडे गंधक असे मिश्रण तयार केले आणि पहिले पाच महिने रोपे पाहून शेजारी चौकशीला येत होते. मात्र पाणी बोअरचे घातले. आमच्या भागातील बोअरच्या पाण्यात क्षार आणि बायकार्बोनेट इतके असते की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. ते पाणी कुंडीत पडत गेले तसा मिश्रणाचा सामू वर सरकत गेला आणि उन्हाळ्यात नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या. ज्यांची द्राक्षबाग चुनखडीच्या जमिनीत आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे असेल. मातीत लोह असते, पण चढ्या सामूमुळे मुळांना ते घेता येत नाही. लोहाच्या फवारणीने दोन आठवडे बरे दिसले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या मे महिन्यात दोन्ही रोपे गेली.

गंधकाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण अनेकजण तोच उपाय सुचवतील. मातीतले जीवाणू गंधकाचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात आणि त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. परंतु मातीत मुक्त चुना असेल, तर तयार झालेले आम्ल तो चुना खाऊन टाकतो आणि चुना संपेपर्यंत सामू हलत नाही. आमच्याकडील काळ्या जमिनीतला चुना माझ्या हयातीत संपणार नाही. आपली जमीन मुरमाड आहे, तेव्हा तेथे कदाचित वेगळे असेल. एक सोपी परीक्षा करून पाहावी. उताराच्या तीन-चार ठिकाणची कोरडी माती वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन तीवर चमचाभर व्हिनेगर ओतावे. फसफसली, तर चुना आहे असे समजावे. अचूक आकडा हवा असल्यास माती परीक्षण करून घ्यावे. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केल्यास मार्गदर्शन मिळेल.

रोपे किंवा बी सामानातून आणण्याचा विचार मात्र करू नये. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार त्यासाठी आधी आयात परवाना आणि तिकडचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिवाय त्या बियांना रुजण्यापूर्वी एक ते तीन महिने ओलसर थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते म्हणा, पण रुजल्यानंतर एप्रिल-मेमध्ये त्यांना कोठे ठेवणार?

भिलार_वाफा

ताई, नमस्कार. आमची स्ट्रॉबेरीची शेती आहे. जमिनीलगत पसरणारे, लाल फळाचे आणि मुलांना आवडणारे म्हटल्यावर कोणीतरी आपणांस स्ट्रॉबेरी सुचवणारच, म्हणून त्याविषयी आधीच लिहितो.

महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून आमच्या भागात येणाऱ्या पाहुण्यांची अशी समजूत दिसते की रोप एकदा लावले की वर्षानुवर्षे फळे देत राहते. प्रत्यक्षात आम्ही ते हंगामी पीक म्हणूनच घेतो. पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर, मल्चिंग पेपर आणि ठिबकवर लागवड होते. डिसेंबरच्या सुमारास फळ चांगले सुरू होते आणि एप्रिलपर्यंत तोडा चालतो. पुढच्या हंगामाची रोपे मातृरोपांच्या धावत्या खोडांपासून, म्हणजे आमच्या भाषेत रनरपासून, वेगळ्या रोपवाटिकेत तयार करतात. फळाचे झाड तसेच पावसात ठेवले, तर त्याचा गड्डा कुजतो. साताऱ्यात पाऊस आमच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, तरी जून ते सप्टेंबर उघड्या उतारावर ते टिकेल असे मला वाटत नाही. टिकले तरी उताराची माती धरून ठेवण्याइतकी त्याची मुळे खोल जात नाहीत. नातवंडांसाठी दहा-बारा कुंड्या जरूर कराव्यात, विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली यांची रोपे घ्यावीत, आणि पावसाळ्यात त्या वळचणीला सरकवाव्यात. उतारासाठी मात्र स्ट्रॉबेरी नको.

आंब्याखालच्या सावलीच्या भागासाठी एक सुचवतो. स्ट्रॉबेरीसारखीच दिसणारी, पण पिवळ्या फुलाची एक रानटी वनस्पती असते. तिचे शास्त्रीय नाव पोटेंटिला इंडिका, आणि पूर्वी तिला डुशेनिया म्हणत. हिमालयापासून निलगिरीपर्यंतच्या डोंगरांत ती आढळते. पाने तीन-तीनच्या जुळणीची, फळ लाल, वर तोंड करून उभे राहणारे. ते खाता येते, विषारी नाही, मात्र चवीच्या नावाने शून्य. माझ्या पुतणीने पहिल्यांदा खाल्ले तेव्हा, "काका, यात साखर घालायची राहिली का?" असे विचारले होते. सावलीत आणि थोड्या ओलाव्यात ती बारा महिने हिरवी राहते आणि रनर सोडून जमीन झाकते. आमच्याकडे विहिरीजवळच्या बांधावर ती चार वर्षे आहे. साताऱ्याच्या उन्हाळ्यात आंब्याखाली आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे लागेल, आणि एवढे करूनही ती मे महिन्यात मलूल दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

यवतेश्वर_पायथा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. व्हिनेगरची परीक्षा आजच केली. उताराच्या मधल्या आणि वरच्या भागातील तांबूस मुरूम अजिबात फसफसला नाही. खालच्या टोकाची, फरशीलगतची माती मात्र चांगलीच फसफसली. तेथे घर बांधताना काळी माती आणून टाकली होती आणि तिच्यात सिमेंट, विटांचे तुकडे आणि प्लॅस्टरचा राडारोडा मिसळलेला आहे, हे खणल्यावर दिसले. मिरजेच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे वरच्या भागात चुना नसेल, तर तेवढ्या भागात तरी विंटरग्रीनची आशा ठेवावी का?

रानमेवा_कराड

ताई, आशा ठेवण्यासाठी माती हे एकच कारण पुरेसे नाही. चुना नसलेला मुरूम आम्लधर्मी असू शकतो, हे खरे. पण या झाडाची मुळे उथळ असतात आणि त्यांना पाइनच्या पाल्याखालचा गारवा वर्षभर लागतो. बर्फाच्या थराखाली हिवाळा काढणारे हे झाड आहे. साताऱ्यात एप्रिल-मेमध्ये मुरूम दुपारी तव्यासारखा तापतो. यासाठी महाबळेश्वर चालेल का, असा पुढचा प्रश्न येईल, म्हणून तोही घेतो. तेथील जांभ्याची माती आम्लधर्मी आहे आणि उन्हाळाही सौम्य आहे, पण पावसाळ्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यानंतर फेब्रुवारीपासून कोरडे पडते. पाण्याचा निचरा होणाऱ्या कुंडीत, साठवलेले पावसाचे पाणी घालून कोणी हौसेने प्रयोग करावा. जमिनीत लावण्याच्या भानगडीत पडू नये.

ज्या वासाने आपले मन तिकडे ओढले, तो आपल्या देशातही आहे. गंधपुऱ्याचे तेल आपण ऐकले असेल. गॉल्थेरिया फ्रॅग्रन्टिसिमा ही विंटरग्रीनची भारतीय बहीण निलगिरी, खासी टेकड्या आणि हिमालयाच्या उंच भागात वाढते आणि तिच्या पानांपासून ते तेल काढतात. पण ते माणसाच्या उंचीपर्यंत जाणारे झुडूप आहे, गालिचा नव्हे, आणि तेही थंड डोंगरांतलेच. येथे नातवंडांचा उल्लेख आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. या दोन्ही झाडांच्या वासामागे मिथाइल सॅलिसिलेट हे द्रव्य आहे आणि ते अॅस्पिरिनच्या जातकुळीतले आहे. एक-दोन फळांत ते नगण्य असते, पण शुद्ध तेलाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, हा सुमारे ७ ग्रॅम अॅस्पिरिनइतका ठरतो आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. घरात गुडघ्यांसाठी अशी बाटली असल्यास ती फडताळाच्या वरच्या खणात ठेवावी.

आता उन्हाच्या भागाबद्दल. माझ्या मते तेथे बुटके नाताळ करवंद लावावे. हे नाव रोपवाटिकांनी नाताळ प्लम या इंग्रजी नावावरून दिलेले असून त्यातला नाताळ म्हणजे सण नव्हे, प्रदेश. नाताळ हा दक्षिण आफ्रिकेतला पूर्वीचा प्रांत, आताचा क्वाझुलु-नाताळ. शास्त्रीय नाव कॅरिसा मॅक्रोकार्पा. आपल्या करवंदाचे हे सख्खे भावंड आहे. पाने गोलसर, जाड, चकचकीत आणि बारमाही. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची चांदणीसारखी आणि सुवासिक. फळ लाल, दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचे. यातील ग्रीन कार्पेट नावाची जात दीड फुटापर्यंत उंच होते आणि चार फूट किंवा त्याहून अधिक आडवी पसरते. हिला चुन्याची माती चालते, मुरूम चालतो, आणि एकदा मुळे धरली की उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांतून एकदा पाणी पुरते. आपल्या उताराच्या खालच्या राडारोड्याच्या मातीतही ती जगेल, फक्त विटा-सिमेंटचे मोठे तुकडे तेवढे वेचून काढावेत.

दोन उणिवाही सांगतो. पहिली फळांची. दक्षिण आफ्रिकेत या फुलांचे परागीभवन मुख्यतः रात्री उडणारे पतंग आणि लहान कीटक करतात, आणि इतरत्र अनेकदा फुले भरपूर येऊनही फळे मोजकीच धरतात. शोभेच्या बुटक्या जातींत हे अधिक जाणवते. त्यावर उपाय म्हणजे एकाच झाडाच्या कलमांऐवजी दोन-तीन ठिकाणांहून रोपे आणणे, आणि हौस असल्यास संध्याकाळी बारीक कुंचल्याने एका रोपाचे पराग दुसऱ्याला लावणे. माझ्या नऊ झाडांवर कुंचल्याशिवाय वर्षाला ओंजळभर फळे मिळत होती. कुंचला हाती घेतल्यापासून मुरंब्यापुरती मिळतात. दुसरी उणीव म्हणजे चीक. फांदी तोडली की पांढरा चीक येतो आणि फळे शिजवताना तो पातेल्याच्या कडेला असा चिकटतो की घासणाऱ्याची बोलणी खावी लागतात. जुने पातेले वापरावे. हे झाड कण्हेरीच्या कुळातले आहे, तेव्हा पूर्ण पिकून गडद लाल आणि मऊ झालेले फळ सोडल्यास त्याचा कोणताही भाग खायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

जावळीचे_रान

वरील माहिती उत्तम आहे, पण एक शंका विचारल्यावाचून राहवत नाही. यवतेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने दक्षिण आफ्रिकेचे करवंद विकत आणावे, हे मला मजेशीर वाटते. घाटाच्या दोन्ही अंगांना आपली करवंदाची जाळी उभी आहे. एप्रिल-मेमध्ये मेढ्याच्या एस.टी. थांब्यावर डोंगरची काळी मैना पानाच्या द्रोणातून विकायला येते. फळ फोडून कोंबडा की कोंबडी पाहण्याचा खेळ नातवंडांना नाताळ करवंदात कसा मिळणार? आपल्या करवंदाला पाणी नको, खत नको, आणि त्याच्या मुळांनी धरलेला मुरूम मी कधी वाहून गेलेला पाहिला नाही.

रानमेवा_कराड

आपले म्हणणे मला मनापासून मान्य आहे आणि माझ्या शेताच्या बांधाला गावरान करवंदच आहे. पण ताईंनी मागितले आहे जमिनीलगत पसरणारे झाड. गावरान करवंद मोकळे सोडले की माणसाच्या उंचीची जाळी करते, त्याचे काटे लांब आणि जोडीने येणारे असतात, आणि ५ वर्षांचे मूल उतारावरून घसरून त्यात पडले तर काय होईल, हे मी सांगायला नको. वर्षातून दोनदा छाटून ते तीन फुटांवर ठेवता येते, मात्र करवंदाला मोहोर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्यामुळे दिवाळीनंतर केलेल्या छाटणीत पुढची फळेही जातात. छाटणी करायची ती पहिल्या पावसाबरोबर, फळे संपल्यावर. माझी सूचना अशी की उताराच्या अगदी वरच्या कडेला, कुंपणालगत, गावरान करवंदाची एक ओळ लावावी. तेथून वाहत येणारे पाणी आधी अडेल, कोंबडा-कोंबडीही पाहता येईल, आणि मुलांच्या खेळण्याच्या बाजूला बुटकी जात राहील. बुटक्या जातीलाही काटे असतात, पण आखूड आणि पानांच्या आड.

मिरजेचा_माळी

मधल्या रिकाम्या जागेबद्दल एक इशारा देतो. झाडे पसरून एकमेकांना भिडायला दोन ते तीन वर्षे लागतील आणि तोवर मधून हरळी उठेल. हरळीची मुळे करवंदाच्या काट्यांतून उपटणे हे काम शत्रूवरही येऊ नये. म्हणून लागवडीआधी, आत्ता मार्च-एप्रिलमध्येच, उतार खणून हरळीची काशी, म्हणजे जमिनीतली पसरणारी खोडे, वेचावी आणि उन्हात वाळवावी. शिवाय सावलीच्या जागी आपोआप उगवणारे, बारीक लाल मण्यांसारख्या फळांचे एक लहान झुडूप शोभेसाठी ठेवून देण्याची अनेकांची सवय असते. ते रिव्हिना, आणि त्याची फळे विषारी आहेत. घाणेरीची कच्ची फळेही तशीच. गुंज तर घरात लहान मूल असताना कुंपणावरसुद्धा नको. विंटरग्रीनची आठवण म्हणून लाल फळ हवे असले, तरी नाव ठाऊक नसलेले लाल फळ अंगणात ठेवू नये.

यवतेश्वर_पायथा

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. आज जागा पुन्हा मोजली. आंब्याच्या सावलीचा भाग साधारण ६ फूट लांब भरतो. तेथे भिलारच्या दादांनी सांगितलेली पिवळ्या फुलाची स्ट्रॉबेरी लावून पाहीन आणि तिची चव नातवंडांना आधी सांगणार नाही. उरलेल्या १४ फुटांत अडीच-अडीच फुटांवर तीन ओळी, प्रत्येकी ५ ते ६ रोपे, असा माझा हिशोब आहे. वरच्या कडेला गावरान करवंदाची ४ रोपे. हरळी काढायला उद्यापासून माणूस येणार आहे. आता एवढेच सांगावे, की रोपे मे महिन्यात लावून पाणी घालत राहावे की पावसाची वाट पाहावी? आणि उतारावर आळी कशी करावीत?

रानमेवा_कराड

पावसाची वाट पाहावी. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन मुरूम हातभर ओला झाला आणि वाफसा आला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती झाली, की लावावे. खड्डे मात्र मे महिन्यातच, दीड फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन तापू द्यावेत, म्हणजे हुमणीच्या अळ्या मरतील. भरताना निघालेला मुरूम, चांगले कुजलेले शेणखत आणि आंब्याचा पालापाचोळा समभाग घ्यावा. आळे गोल न करता अर्धचंद्राकृती करावे, त्याची पाठ उताराच्या खालच्या बाजूस आणि उघडे तोंड वरच्या बाजूस. तीन ओळींतील रोपे एकाखाली एक न येता मधल्या ओळीची रोपे वरच्या दोन रोपांच्या मधोमध येतील अशी लावावीत, म्हणजे पाणी सरळ रेषेत धावणार नाही. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे लागेल. १५ ते १८ रोपांना प्रत्येकी चार-पाच लिटर धरले, तर एका वेळी ६०-९० लिटर होतात. तेवढे स्वयंपाकघरातील भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यातून निघू शकेल, साबणाचे पाणी मात्र घालू नये.

भिलार_वाफा

पिवळ्या फुलाच्या स्ट्रॉबेरीचे रनर माझ्याकडे हवे तितके आहेत. जुलैत पाचगणीकडे येणे झाल्यास ताईंनी ओल्या गोणपाटाचा एक तुकडा आणि रिकामी पाटी घेऊन यावे.